साडूच्या लेटरहेडवर माझा भाव

मी काय विकतो हे माझ्या बायकोला लग्नानंतर सातव्या वर्षी कळलं. मला त्यातून काय सुटतं हे तर अजून माझं मलाच नीट कळलेलं नाही.

नांदेडात लोक समजतात, हा कंप्युटरवाला. पेन ड्राइव्ह बिघडला की शेजारी रविवारी सकाळी दाराशी उभे. मी विकतो तो एक डबा असतो. दोन माणसांनी उचलायचा, लोखंडी कपाटात बसवायचा, आत चोवीस डिस्क शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या. बँकेची खाती, दवाखान्याचे एक्स-रे, संस्थांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, सगळं त्यात साठतं. एखादी डिस्क मेली तरी आतला माल मरत नाही. डबा नुसता नारिंगी दिवा लावून बोंबलतो, मग कुणीतरी जाऊन डिस्क बदलायची. ते कुणीतरी कोण, यावरच ही सगळी कहाणी आहे.

हे डबे बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्या सगळ्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. त्यामुळे यादीत छापलेला भाव आजवर कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. तो स्थळ सांगताना सांगितलेल्या मुलाच्या पगारासारखा असतो. चौकशी सुरू झाली की निम्म्यावर येतो. मग दुसरी कंपनी त्याच्या खाली जाते, आपली तिच्याही खाली जाते, आणि शेवटी विकणाऱ्याच्या हातात शंभरामागे दोन रुपये उरतात, ते अहमदपूरपर्यंत जाऊन येताना डिझेलमध्ये जळतात. मग धंदा कशात? धंदा चौथ्या वर्षात. पहिली तीन वर्षं वॉरंटी. चौथ्या वर्षी देखभालीचा करार करायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाइकाचा सगळा माल आपल्या डब्यात अडकलेला असतो. जाईल कुठे? म्हणजे डबा हा उंदराचा पिंजरा, आणि आतली भजी आम्ही पदरमोड करून लावतो.

मी भजी उत्तम लावायचो. आत मीच जाऊन बसेन असं मात्र वाटलं नव्हतं.

त्या पिंजऱ्याचं दुसरं टोक लातूरला होतं. तिथे माझा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, याच कंपनीचे डबे विकायचा. त्याला आम्ही घरात दाजी म्हणतो. कंपनीने डीलरांच्या दोन पायऱ्या केल्या होत्या, सोनेरी आणि रुपेरी. सोनेरी डीलरने थेट कंपनीकडून माल घ्यायचा. रुपेरीने जवळच्या सोनेऱ्याकडून. आमच्या भागात सोनेरी एकच, मी. दाजी रुपेरी. त्यांना प्रत्येक डबा माझ्याकडून घ्यावा लागायचा, आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "दाजी, आईशप्पथ, मला यात काही सुटत नाही." दाजी म्हणायचे, "हाव की पाव्हणं, तुमाला कुटं काय सुटतंय." त्यातला सूर मला तेरा वर्षं ऐकू आला नाही.

आता आमचा एक दस्तूर सांगतो, म्हणजे पुढची फजिती समजेल. कुठलीही संस्था तीन सीलबंद कोटेशनं मागते. तीन दुकानदारांनी खरोखर एकमेकांशी भांडावं, हा तिचा हेतू. आम्ही तो हेतू कधीच मोडीत काढला होता. दाजींची सही केलेली कोरी लेटरहेडं माझ्या टेबलाच्या खणात असायची आणि माझी त्यांच्या खणात. परभणीच्या एका दोस्ताचीही दोन-चार पडलेली असायची. ज्याचं गिऱ्हाईक, त्याने तिन्ही कोटेशनं टाइप करायची. स्वतःचं स्वस्त, बाकीची दोन महाग. बायका शेजारणीकडून वाटीभर साखर नेतात, तसं आम्ही एकमेकांची महागाई नेत होतो. हे चुकीचं आहे हे कळत होतं. पण सगळेच करतात म्हटल्यावर चूक अंगाला टोचत नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना पावसाळ्यात आला होता. लातूरच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेला डबा हवा होता. वर्गावर्गांत कॅमेरे, हजारो पोरं, आणि प्रत्येक तासाचं चित्रण जपून ठेवायचं. गिऱ्हाईक मी वर्षभर राखलेलं. त्यात माझी सोनेरी पायरी डगमगत होती. सप्टेंबरअखेर आणखी एक मोठी ऑर्डर माझ्या नावावर लागली नाही तर मी रुपेरी होणार होतो. नवा सोनेरी नेमेपर्यंत माल कुणाकडून घ्यायचा, हे कंपनीच्या पुण्याच्या साहेबालाही सांगता येत नव्हतं. तो फक्त म्हणायचा, "सर, ही ऑर्डर घ्याच. ऑर्डर ज्याच्या नावावर, पायरी त्याची."

आणि हैदराबादचा एक डीलर दुसऱ्या कंपनीचा डबा घेऊन मध्येच उपटला. तोही कोटेशन देणार होता, खरंखुरं.

पाकिटं द्यायच्या दिवशी सकाळी पुण्याच्या साहेबाने फोनवर हळू आवाजात एक भाव सांगितला. "सर, हा फक्त तुमच्यासाठी. महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला नाही." एवढा खालचा भाव मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यावर मी शंभरामागे एक रुपया लावला. मग हैदराबादची धास्ती वाटून तोही काढला. तरी भागेना म्हणून खाली एक ओळ टाकली: तीन वर्षं मोफत सेवा, तक्रार येताच चार तासांत माणूस जागेवर हजर. नांदेड ते लातूर तीन तासांचा रस्ता. मला ही ओळ फार आवडली. दुसरं कोण लिहील, असं वाटलं. बरोबर वाटलं, दुसऱ्या कुणीच लिहिली नसती.

मग छपाई. मी प्रिंटरमध्ये तीन लेटरहेडं रचून ठेवली. सगळ्यात वर माझं, त्याखाली दाजींचं, तळाशी परभणीचं. त्याच क्रमाने तिन्ही भाव छापायला सोडले. पण कालपासून प्रिंटरमध्ये कागद नव्हता, आणि बायकोने सकाळी धाडलेली एक यादी त्याच्या पोटात अडकली होती. कागद मिळताच त्याने आधी ती ओकली. माझ्या देखण्या लेटरहेडवर, माझ्या सहीच्या वर, छापून आलं: हरभरा डाळ दोन किलो, गूळ दीड किलो, वेलदोडे, खसखस, नायगावला आईकडे न्यायचे.

इथे मी हुशारी केली. आपलं एक पान वाया गेलं म्हणून झटक्यात खणातून माझं दुसरं लेटरहेड काढलं आणि गठ्ठ्याच्या वर ठेवलं. तेवढ्यात प्रिंटरने दाजींचं पान आत ओढून घेतलेलं होतं. म्हणजे माझा भाव दाजींच्या पानावर गेला, दाजींचा महाग भाव माझ्या पानावर. परभणीचं तेवढं आपल्या जागी राहिलं. मी लोकांना सांगत फिरतो की आमच्या डब्यात माल कधीच दुसऱ्याच्या खान्यात जात नाही. इकडे तीन कागदांत माझी ही गत.

पानं हातात घेतली तेव्हा कानाशी पुण्याचा साहेब होता. नावं पाहिली, ज्याच्या त्याच्या पाकिटात घातली, डिंक लावला आणि गाडी काढली.

लातूरला तिन्ही पाकिटं संस्थेच्या पेटीत टाकली. दुपारी सचिवांच्या खोलीत ती उघडली गेली. सचिव म्हणजे उंच, कोरडा माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. हैदराबादचा डीलर माझ्या शेजारी बसला होता, गुडघा हलवत. आधी त्याचा भाव वाचला. माझ्यापेक्षा वर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग परभणी, तो महाग असणारच होता. मग सचिवांनी माझं पाकीट फोडलं.

"नांदेड." त्यांनी आकडा वाचला.

तो आकडा ओळखीचा होता. मीच ठरवला होता, दाजींसाठी.

"लईच लावलाव की हो," सचिव चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले. "एवढं लांब येऊन हे लावायलाव?"

मी म्हणालो, "जरा... माल चांगलाय."

हैदराबादवाल्याचा गुडघा थांबला. शेवटचं पाकीट लातूरच्या दाजींचं. सचिवांनी आकडा वाचला, थांबले, पुन्हा वाचला. मग खालची ओळही मोठ्याने वाचली: चार तासांत माणूस जागेवर हजर. "बघा," ते म्हणाले, "गावचा माणूस गावचाच असतो."

मी सचिवांना काय सांगणार? 'साहेब, तो भाव माझा आहे, दाजींचं कोटेशन मीच टाइप केलंय, परभणीचंही मीच केलंय'? तोंड उघडलं तर तिघंही बाहेर, आणि पुन्हा मराठवाड्यात कुठल्या संस्थेच्या पायरीवर उभं राहायची सोय नाही. तोंड मिटलं तर ऑर्डर दाजींची, सोनेरी पायरीही त्यांची. हैदराबादवाला जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाईसाब, आपसे भी महंगे लोग होते हैं दुनिया में." तो मला धीर देत होता.

चाकूरच्या पुढे गाडी बाजूला घेऊन मी लेटरहेडवरची डाळीगुळाची यादी खिशातून काढून वाचली. मग दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, एक गंमत झाली बगा. संस्थेतनं फोन आलता. मला ऑर्डर लागली म्हणं!"

"हाव का," मी म्हणालो.

"मी तर कोटेशन दिल्यालं आठवंना. देवानंच दिलं म्हणायचं."

"देवानंच."

"देवाची टायपिंग मातर तुमच्यासारखीच हाय," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी रविवार, नायगावला सासऱ्यांकडे धोंड्याचं जेवण. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा जावई म्हणजे नारायण. त्याला बोलावून पुरण भरलेले, वाफवलेले, तुपात बुडवलेले धोंडे खाऊ घालायचे, कपडे आणि दिवा द्यायचा. सासऱ्यांना दोन नारायण, एक मी आणि एक दाजी. दोघांचे पाट शेजारी शेजारी मांडलेले. सासूबाई वाढायला बसल्या की त्यांनी सोडल्याशिवाय नारायणाला उठता येत नाही. मी इतका अडकून आयुष्यात बसलो नव्हतो. पुढे ताट, एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला भिंत, समोर सासरे.

सासरे म्हणजे नायगावच्या पोस्टात आयुष्य घालवलेले पोस्टमास्तर. बोलणं कमी, ऐकणं सगळं.

तिसऱ्या धोंड्याला मी हळूच म्हणालो, "दाजी, ती ऑर्डर माझी आहे."

"पाकिटावर नाव कुणाचं हाय?"

"तुम्हाला माहितीय कसं झालं ते."

"मला कुटं म्हाईत? मी तर घरी व्हतो." त्यांनी तूप मागून घेतलं. "आन् दिली तर? मी रुपेरीचा रुपेरी. तुमी सोनेरीचे सोनेरी."

"तुम्हाला एवढ्या भावात माल मिळणारच नाही. तो भाव कंपनीने मला दिलाय, फक्त मला."

दाजींनी डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. पुण्याच्या साहेबाचा निरोप होता, कालचा. भाव माझ्यापेक्षा खाली होता. त्याखाली लिहिलं होतं: सर, हा फक्त तुमच्यासाठी.

ज्याच्यासाठी मी शेवटचा रुपया सोडला, तो भाव माझा कधी नव्हताच. कंपनीला डबा जाण्याशी मतलब. कुणाच्या दुकानातून गेला याची तिला फिकीर नव्हती. हैदराबादला पाडायला मी माझं मांस कापून देत होतो आणि सुरी पुण्याची होती.

"तेरा वर्षं तुमच्याकडनं माल घेतला, पाव्हणं," दाजी म्हणाले. आता ते हसत नव्हते. "दर बारीला तुमी म्हणलाव, मला काय सुटत न्हाई. सुटत व्हतं की. मला कळत व्हतं. साडू हाय म्हणून गप बसलो. घरी बायकूला बी कदी बोललो न्हाई."

खरं होतं. फार नव्हतं, पण सुटत होतं.

"आणखी एक घ्या," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या ताटात दोन पडले.

सासरे आतापर्यंत नुसते बघत होते. त्यांनी विचारलं, "पाकिटं कुणी बंद केली?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी."

"तिन्ही?"

"तिन्ही."

सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी अडतीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळली. फाटलेली आली, भिजलेली आली. पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी कधी डिंक लावून बंद केलं नाही." एवढंच. मग ते सासूबाईंना म्हणाले, "धाकट्या जावयाला तूप वाढा." धाकट्या शब्दावर कसलाही जोर नव्हता, तरी मला तो ऐकू आला.

जेवण होऊन नवे टॉवेल-टोपी घेऊन आम्ही ओसरीवर सुपारी कातरत बसलो, तेव्हा दाजींनी खरा फास टाकला.

"ते चार तासांचं कुणी लिवलं व्हतं?"

"मीच."

"मला हा डबा उघडता बी येत न्हाई. कंपनीची परीक्षा दिल्याला माणूस हिकडं एकच हाय."

तो माणूस मी होतो. हैदराबादेत पंधरा दिवस राहून परीक्षा दिलेली. तिच्या जोरावरच सोनेरी झालो होतो. मी म्हणालो, "मी नाही येणार, दाजी. तुमची ऑर्डर, तुम्ही बघा."

"बरं. मग पुढच्या म्हयन्यापासनं तुमाला डबा कुणाकडनं घ्यायचा हाय?"

दारात माझी बायको उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही ताईच्या नवऱ्याला अडवणार का?" आणि मी अडवू शकत नव्हतो, कारण अडकलेला मी होतो.

सप्टेंबरअखेर दाजी सोनेरी झाले. मी रुपेरी. पहिला डबा त्यांच्याकडून घेतला तेव्हा ते फोनवर म्हणाले, "पाव्हणं, आईशप्पथ, मला यात काय सुटत न्हाई." मी म्हणालो, "हाव की दाजी." तेव्हा कुठे मला तो सूर कळला.

आणि मग तीन वर्षं. डबा लातूरला बसला, माझ्याच हाताने बसवला. नारिंगी दिवा कधी लागेल याचा नेम नसतो. एकदा पोळ्याला लागला, एकदा मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी. चार तास. मी डिस्क उशाशी ठेवून झोपायला शिकलो. चाकूरचा चहावाला मला न विचारता कमी साखरेचा देतो. गाडीच्या काचेवर दाजींच्या दुकानाचं नाव चिकटवावं लागलं, कारण संस्थेच्या फाटकावरचा माणूस दुसऱ्या नावाला आत सोडत नाही. माझा एकही रुपया त्या डब्यात नव्हता आणि मराठवाड्यात त्या डब्याला माझ्याइतकं ओळखणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाचा माल चौथ्या वर्षी अडकतो. मी स्वतःला पहिल्याच दिवशी अडकवलं होतं.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला आणि त्याच्या मागोमाग वॉरंटी संपायला आली. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते चौथं वर्ष. दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, देखभालीला तीन कोटेशनं मागितलेत संस्थेनं. तुमचं एक कोरं लेटरहेड धाडा. सही करून."

माझा खण रिकामा होता. नायगावहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी दाजींची आणि परभणीची उरलेली पानं मी फाडून टाकली होती. मी म्हणालो, "कोरं नाही धाडत, दाजी. भरून देईन. माझं मीच."

फोनमध्ये दाजींचा अडकित्ता वाजला.

"इचार करा," ते म्हणाले. "माल माझ्याकडनंच घ्यावा लागतोय."

"केला."

"रविवारी नायगावला पाट शेजारीच हाय."

"असू दे. तूप तुमच्याकडं आधी जाईल."

कोटेशन मी चार ओळींचं केलं. भाव खरा लावला: जाण्यायेण्याचं डिझेल, माझे तास, आणि वर जे सुटायला हवं ते, लाज न बाळगता. चार तासांची ओळ काढून 'दुसऱ्या दिवशी' केलं. प्रिंटरमध्ये एकच कागद ठेवला. छापून आल्यावर तीनदा वाचला, त्यावर डाळगूळ नाही याची खात्री केली, पाकीट बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी नारिंगी दिवा लागला म्हणून ते बरोबर घेऊनच लातूरला गेलो.

सचिव तसेच होते, चष्मा तिथेच. एका हातात डिस्क धरून मी दुसऱ्या हाताने पाकीट पुढे केलं. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी तर लातूरवाल्यांचे मेकॅनिक ना?"

"नांदेडचाय मी. माझं वेगळं दुकान आहे."

"आता आठवलं," ते म्हणाले. "नांदेड. मागं तुमचं लईच महाग व्हतं बगा. लातूरवाल्यानं कसं नीट लावलं व्हतं, सगळा इचार करून."

"हाव," मी म्हणालो. "त्यानं लई इचार केला होता."

त्यांनी पाकीट खणात टाकलं. मी डिस्क बदलायला आत गेलो.